विश्लेषण: ४० तासांत सुतारकाम येतं का?

कांदिवलीच्या चारकोपमध्ये अनेकांना आधी भूखंड मिळाला, घर नंतर उभं राहिलं. १९८५ मध्ये मंजूर झालेल्या, जागतिक बँकेच्या कर्जावरच्या प्रकल्पात म्हाडाने इथे छोटे भूखंड आखून दिले. पाणी, रस्ते, गटारं सरकारी आणि खोल्या लोकांनी ऐपतीप्रमाणे बांधलेल्या. अशा घरात दुकानातलं तयार कपाट अनेकदा मावत नाही. कोपऱ्याचं माप घेऊन काम करणारा मिस्त्री लागतो. प्रश्न असा, की नवा मिस्त्री आता शिकतो कुठे?

सरकारी योजना कोणासाठी?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. ५ ते ७ दिवसांचं, म्हणजे ४० तासांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार रुपये. पुढे हवं असेल तर १२० तासांचं प्रगत प्रशिक्षण आणि ५ टक्के व्याजाने कर्ज, आधी १ लाख, मग २ लाख. मदत लहान नाही. पण अर्जदार आधीपासून हे काम करणारा हवा. म्हणजे योजना मिस्त्रीला बळ देते, मिस्त्री घडवत नाही.

नवख्याला उरतो आयटीआयचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, नाहीतर उस्तादाच्या हाताखाली हेल्परची वर्षं. शनिवार-रविवारचे वर्गही भरतात, पण तिथे बहुतेक हौशी मंडळी येतात. हेल्परला सुट्टीच्या दिवशी फी भरून शिकणं परवडणार कसं?

पॉलिश इतकं अवघड का?

करवत आणि रंधा चालवणं पाहून थोडंफार जमतं. पॉलिश जमत नाही. चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून कापडात गुंडाळलेल्या कापसाने लाकडावर चढवतात. हात एका जागी थांबला की खालचा थर सुटतो, डाग पडतो. त्याआधी जाड ते बारीक पॉलिश पेपर, तोही रेषांच्या दिशेने. आडवा घासला तर ओरखडे रंगाखालूनही दिसतात. मुंबईचा पावसाळा त्याहून कठीण. हवेतला ओलावा धरला की पॉलिश पांढुरकं होतं. त्या दिवशी डबा बंद ठेवायचा, हे पावसाळ्यात काम केल्याशिवाय कळत नाही. आठवड्याच्या वर्गात पावसाळा कुठून आणणार?

सनमायका चिकटवला की ही कटकटच नाही, म्हणून गिऱ्हाईकही तोच मागतं. त्याला चूक म्हणता येणार नाही. पण सागवानी जुनं कपाट पुन्हा उजळायचं असेल, तर त्या कामाचा माणूस शोधावा लागतो आणि तो सांगेल तो दर द्यावा लागतो. तरुण हेल्परसाठी खरी कमाई इथेच आहे.

त्यामुळे वर्गाची फी भरण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: रंधा प्रत्येकाच्या हातात किती वेळ येतो, आणि बनवलेल्या वस्तूचं पॉलिश तिथेच पूर्ण करून घेतात का.