येरळेचे पाणी कोणाचे?

नद्यांच्या पुनरुज्जीवनाची भाषा महाराष्ट्रात आता सर्वांच्याच तोंडी रुळली आहे. शासनाने २०२२ साली गांधी जयंतीच्या दिवशी ‘चला जाणूया नदीला’ ही मोहीम सुरू केली आणि तिच्यात पाऊणशे नद्या घेतल्या. त्याआधी जलयुक्त शिवार होतेच. पात्रात यंत्र उतरते, गाळ निघतो, पुढाऱ्याच्या हस्ते जलपूजन होते आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात भरलेल्या पात्राचे छायाचित्र येते. ह्यात वावगे काही नाही. कोरडी नदी भरलेली पाहताना गावाला होणारा आनंद खराच असतो. परंतु त्या छायाचित्रात एक गोष्ट दिसत नाही. त्यानंतर दोन्ही काठांवर किती मोटारी बसल्या, त्या कोणाच्या होत्या, आणि ज्या मजुरांच्या वस्तीला नदीकाठी गुंठाभरही जमीन नाही तिच्या पदरात ह्या पाण्यातले काय पडले? हा प्रश्न सांगली जिल्ह्यात येरळा नदीच्या काठी चाळीस वर्षांपूर्वी विचारला गेला. विचारणारे लोक कोरडवाहू शेतकरी, शेतमजूर आणि संपावरून गावी परतलेले गिरणी कामगार होते. उत्तरादाखल त्यांनी एक धरणही बांधले.

येरळा ही कृष्णेची उपनदी. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात उगम पावून ती खानापूर, तासगाव ह्या अवर्षणप्रवण भागांतून वाहते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. संगमाजवळची गावे २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात बुडाली होती. त्याच नदीच्या वरच्या अंगाला टँकरची वाट पाहण्यात कित्येक उन्हाळे गेले आहेत. येरळेचे खरे धन म्हणजे तिच्या पात्रातील वाळू. पावसाळ्यात दोन-चार वेळा येणारा लोंढा वाळूच्या थरात मुरतो आणि वरून नदी कोरडी दिसली तरी पोटात ती पाणी धरून असते. काठच्या विहिरींना पाझर मिळतो तो तिथून. मुंबई-पुण्याच्या बांधकामांना वाळू हवी होती, महसूल खात्याला लिलावाचा पैसा हवा होता, आणि म्हणून ठेकेदारांचे ट्रक पात्रात उतरले. वाळू गेली तशी विहिरींची पातळी खाली गेली. दुष्काळ केवळ पावसाच्या कमतरतेने येत नाही, तो लिलावानेही आणता येतो, हे ह्या भागातल्या लोकांनी स्वतःच्या विहिरीत डोकावून ओळखले.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले पुष्कळजण खानापूर तालुक्यासारख्या दुष्काळी मुलखातले होते. गिरणी बंद पडल्यावर ते गावी आले तेव्हा गावात रोजगार हमीच्या खडी फोडण्यावाचून दुसरे काम नव्हते. वि. स. पागे ह्यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली ती सांगली जिल्ह्यातच प्रथम अजमावली गेली होती, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. संघटनेची सवय असलेल्या ह्या कामगारांनी ‘मुक्ती संघर्ष’ चळवळ उभी केली. डॉ. भारत पाटणकर, संपतराव पवार आदी कार्यकर्ते तिच्यात होते. प्रारंभी मागणी कामाची व मजुरीची होती. पुढे खडी फोडता फोडताच प्रश्न निघाला, की वर्षानुवर्षे दगड फोडून दुष्काळ हटत नसेल तर ज्या कामाने तो हटेल ते काम हमी योजनेत का निघू नये? मजुरीच्या लढ्यातून उत्पादनाच्या साधनांचा प्रश्न निघावा हे समाजवादी विचाराच्या अभ्यासकाला नवल वाटण्यासारखे नाही. मात्र तो पुस्तकातून न निघता खडीच्या ढिगाऱ्यावर निघाला, हे आवर्जून नोंदविले पाहिजे.

बलवडी आणि तांदूळवाडी ह्या दोन गावांनी ठरविले, की येरळेवर आपले धरण आपण बांधायचे आणि त्याचा पैसा वाळूतूनच उभा करायचा. ठेकेदाराचा बेसुमार उपसा बंद व्हावा, धरणाच्या खर्चापुरतीच मर्यादित वाळू गावांनी स्वतः विकावी, अशी ही योजना होती. ती मांडताच शासनयंत्रणेला अनेक अडचणी सुचू लागल्या. वाळू हे गौण खनिज, ते शासनाच्या मालकीचे. गावकऱ्यांना धरण बांधण्याचे तांत्रिक ज्ञान कुठून येणार. परवानगी कोणत्या नियमाखाली द्यायची? ठेकेदार वाळू नेत होता तेव्हा ह्यांपैकी एकही शंका कोणाला आली नव्हती. के. आर. दाते ह्यांच्यासारखे ज्येष्ठ अभियंते चळवळीच्या बाजूने उभे राहिले आणि तांत्रिक आक्षेपाची धार बोथट झाली. मोर्चे, सभा व दीर्घ पाठपुरावा ह्यांनंतर परवानगी मिळाली, १९८६ मध्ये काम सुरू झाले, शहरांतून विद्यार्थी श्रमदानाला आले, आणि ते दशक संपता संपता येरळेवर बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. हे नाव सहज ठेवलेले नव्हते. महात्मा फुल्यांनी बळीला कष्टकऱ्यांचा राजा म्हणून पुन्हा उभे केले, आणि १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लष्कर व पोलीस खात्यातील रिकाम्या हातांकडून जागोजाग ताली-बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवावे असे सरकारला सुचविले होते. सरकारने शंभर वर्षांत जे केले नाही ते दोन गावांनी केले.

ह्या धरणाची कीर्ती झाली ती लोकांनी बांधलेले धरण म्हणून. त्याहूनही महत्त्वाचे होते ते त्यामागील वाटपाचे तत्त्व. पाण्यावरचा हक्क जमिनीच्या आकारावर न ठरविता माणसांवर ठरवावा, भूमिहीनालाही तो असावा, स्त्रियांना तो असावा, आणि उसासारख्या पिकाला ह्या पाण्यात जागा नसावी, हे त्या तत्त्वाचे सार. पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे ह्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा जो प्रयोग केला त्यात हीच दिशा होती. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते, ऊस नाही, भूमिहीनाला वाटा, आणि जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जाणार नाही, असे ते नियम. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ह्यातला शेवटचा नियम सर्वांत मूलगामी आहे. जमिनीच्या खरेदीखताला पाणी चिकटलेले राहिले तर आजचे समान वाटप उद्याच्या खरेदी-विक्रीत विषम होणारच. पाणी पंचायतीने ही गाठ सोडविली.

ह्यावर नेहमीचा आक्षेप असा, की ज्याला जमीनच नाही तो पाणी घेऊन काय करणार? आक्षेप वरवर व्यावहारिक दिसतो. वस्तुतः ज्याच्याकडे पाण्याचा हक्क आहे त्याला कोरडवाहू जमीनधारकाशी बरोबरीने बोलता येते. तो जमीन खंडाने घेऊ शकतो, पाण्याच्या मोबदल्यात पिकाचा वाटा मागू शकतो. चारा, भाजीपाला, रोपवाटिका, शेळ्या-कोंबड्या ह्यांना लागणारे थोडके पाणी हक्काने वापरू शकतो. कोरड्या मुलखात एकराला किंमत येते ती पाण्यामुळे. सार्वजनिक पैशाने अथवा सर्वांच्या श्रमाने आणलेले पाणी जमीनधारकाच्या शेतात पोहोचले की त्या जमिनीचे मोल वाढते, आणि ही वाढ त्याने कमावलेली नसते. अभिजात अर्थशास्त्र तिला अनर्जित वाढ म्हणते. बांधावर माती टाकणाऱ्या मजुराला त्या दिवसाची मजुरी मिळते, आणि तेवढ्यावर त्याचा हिशेब मिटविला जातो.

सामुदायिक वाटप खेड्यांना जमत नाही, असेही सांगितले जाते. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम ह्या नद्यांवर फड पद्धती शेकडो वर्षे चालली. बंधारा, पाट आणि फड अशी तिची रचना. एका फडात एकच पीक, आणि पाणी देण्याचे काम मालकाच्या हातात नसून गावाने नेमलेल्या पाटकऱ्याच्या हातात. तिच्यातही भूमिहीनाला हक्क नव्हता, ही तिची मर्यादा लपविण्याचे कारण नाही. परंतु सामायिक संपत्तीची वाट लागतेच असे गॅरेट हार्डिन ह्यांनी १९६८ मध्ये मांडले तेव्हा फडाचे पाटकरी पाळीपाळीने पाणी देतच होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाल्यावर आमच्या विद्यापीठांना सामायिक व्यवस्थापनाचा शोध लागला, हे जरा गमतीचेच.

वाटप बाजूला ठेवून केलेल्या पुनरुज्जीवनाचे काय होते, ह्याचा दाखला जलयुक्त शिवार अभियानाने दिला आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० च्या अहवालाने ९,६०० कोटींहून अधिक खर्च होऊनही पाणीटंचाई हटविण्यात व भूजल पातळी वाढविण्यात अभियानाचा परिणाम अल्प झाल्याचे म्हटले. त्यावर राजकीय वादंग पुष्कळ झाले. मूळ मुद्दा त्यात बाजूला पडला. पाणी अडविण्यावर जेवढा भर तेवढी ते उपसण्यावर मर्यादा नसेल, तर अडविलेला प्रत्येक थेंब सर्वांत खोल बोअरवेलच्या दिशेने जातो. जमिनीखालचे पाणी मोटारीने उपसून प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात साठविण्याचा प्रकार तर उघड आहे. सामायिक पाण्याचे खाजगी पाणी करण्याची ती सर्वांत सोपी रीत. आणि ऊस? महाराष्ट्रात पिकांखालील क्षेत्राच्या जेमतेम चार टक्क्यांवर असलेले हे पीक सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे सत्तर टक्के पिते, असे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेच नमूद केले आहे.

पुनरुज्जीवित नदीवर मालकी सांगायला शासन कसे धावत येते, ह्याचे उदाहरण राजस्थानातही घडले. अलवर जिल्ह्यात तरुण भारत संघ व गावकरी ह्यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जोहड बांधले आणि मेलेली अरवरी नदी नव्वदच्या दशकात बारमाही वाहू लागली. तिच्यात मासे दिसताच सरकारने मासेमारीचा ठेका देऊन टाकला. नदी कोरडी असताना तिच्यावर कोणाचा दावा नव्हता. गावांनी ठेका रद्द करायला लावला आणि १९९९ मध्ये सुमारे सत्तर गावांची अरवरी संसद स्थापन केली. जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना तिने आळा घातला. तथापि ह्या संसदेला कायद्याचा आधार नाही. गावांचे एकमत टिकेल तोवर तिचे नियम टिकतील. येरळेचीही अडचण काही प्रमाणात हीच आहे. नदीच्या वरच्या अंगाला कोणी किती उपसा करावा हे दोन गावांचे धरण ठरवू शकत नाही. त्यासाठी सबंध खोऱ्याचा नियम लागतो, आणि तो नियम करणे हे राजकारणाचे काम आहे.

हे राजकारण दुष्काळी तालुक्यांच्या पाणी चळवळीने पुढे नेले. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर अशा निरनिराळ्या परंपरांतील नेत्यांना तिने एकत्र आणले. कृष्णेचे पाणी टेंभू योजनेने टप्प्याटप्प्याने वर चढून खानापूर-आटपाडीच्या माळावर आले, ह्यामागे त्या लढ्याचा मोठा वाटा आहे. उपसा योजनांच्या वीजबिलातील ८१ टक्के भार शासनाने उचलावा आणि १९ टक्के लाभधारकांनी, हे सूत्रही लढूनच मिळाले. ते न्याय्य आहे. डोंगराखालच्या शेतकऱ्याला पाणी उताराने फुकट मिळते, मग माळावरच्याने चढाची किंमत एकट्याने का द्यावी?

पण हे सूत्र मान्य केले की दुसरी गोष्टही मान्य करावी लागते. धरण सार्वजनिक पैशाचे, पंप सार्वजनिक पैशाचे, विजेचे चार पंचमांश बिल सार्वजनिक पैशाचे. तर मग पाणी केवळ सातबारा असणाऱ्यांचे कसे? काडेपेटीपासून साबणापर्यंत प्रत्येक खरेदीवर कर भरणारी भूमिहीन बाई त्या बिलात वाटेकरी आहे. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणी वापर संस्था शेतकऱ्यांच्या हाती दिल्या, हे पाऊल चांगले होते. पण त्या संस्थेचा सभासद व्हायचे तर लाभक्षेत्रात जमिनीचा धारक वा कब्जेदार असावे लागते. जिच्या नावावर जमीन नाही तिला पाण्याच्या सभेत मत नाही. गावाच्या निम्म्याअधिक स्त्रिया आणि बहुतेक दलित मजूर एका व्याख्येने बाहेर राहिले.

ह्या व्याख्येत दुरुस्ती व्हावी अशी मागणी डाव्या व समाजवादी पक्षांच्या जाहीरनाम्यांत ठळकपणे यायला हवी होती. ती आली नाही, ह्याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. पक्षांच्या तालुका शाखांतील कार्यकर्ते स्वतःच बागायतदार आहेत, काहीजण साखर कारखान्यांचे सभासद आहेत. माळावर पाणी आणण्याच्या मोर्चात ते पुढे असतात, आणि पाणी आल्यावर उसाची नोंद करायलाही पुढे असतात. त्यांना दोष देऊन भागणार नाही. ऊस हे हमखास दर आणि हमखास गिऱ्हाईक असलेले पीक आहे. ज्वारी, मटकी, तेलबिया ह्यांना तीच हमी जोवर नाही तोवर उसाच्या बंदीचा ठराव कागदावरच राहील. म्हणून आठमाही पाण्याची मागणी आणि भुसार पिकांच्या खरेदीची मागणी एकाच निवेदनात असली पाहिजे.

टेंभूच्या लाभक्षेत्रात पाणी वापर संस्था उभ्या करण्याचे काम पुढेही चालणार आहे. त्यांच्या सभासद याद्या तयार होत असतानाच ग्रामसभांतून ठराव करून भूमिहीन कुटुंबांची स्वतंत्र यादी जोडता येईल, आणि ती जलसंपदा खात्याकडे रीतसर दाखल करता येईल. खाते ती बहुधा नाकारील. बलवडी-तांदूळवाडीचा अर्जही एकेकाळी नाकारण्याच्याच वाटेवर होता.