लाल सरबताचा सण

मैत्रिणींनो, सणाच्या ताटात जे वाढतो त्यामागे काही ना काही गोष्ट असतेच, नाही का? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या घरी १९ जूनला लाल सरबत, कलिंगड असं मुद्दाम लाल रंगाचं करतात. गुलामगिरीत सांडलेल्या रक्ताची ती आठवण, असं पुष्कळजण मानतात. ‘जूनटीन्थ’ हा त्यांच्या सुटकेचा सण.

लिंकनने मुक्तीचा जाहीरनामा काढला १ जानेवारी १८६३ला. पण टेक्सासचे मालक ऐकतात कशाला! १९ जून १८६५ला जनरल ग्रेंजरने गॅल्व्हस्टन गावी हुकूम काढला, तेव्हा कुठे तिथल्या सुमारे अडीच लाख गुलामांच्या सुटकेला सुरुवात झाली. मधली अडीच वर्षं मालकाचीच चाकरी!

आणि सुटल्यावर? कित्येक आया निघाल्या, विकल्या गेलेल्या लेकरांच्या शोधात. वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. भेट झाली ती फार थोड्यांची.

२०२१पासून हा दिवस तिथे राष्ट्रीय सुटीचा आहे. मुलांना लिंकनची गोष्ट सांगाल ना, तेव्हा या आयांचीही सांगा बरं का.