सरासरीआड दडलेली गर्दी

इंग्लंडमधल्या डी मॉंटफोर्ट विद्यापीठाला १९९४ साली बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच ६४ किलोबिटची लाइन होती. ती किती भरते हे सगळ्यांना दिसावं म्हणून तिथे काम करणाऱ्या टोबियास ओटिकर यांनी एमआरटीजी हे लाइनवरच्या वाहतुकीचा आलेख काढणारं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. त्याच्या आलेखात हिरवा भाग आत येणाऱ्या माहितीचा, निळी रेघ बाहेर जाणाऱ्या माहितीची. हा आलेख वाचताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: दिवसाच्या आलेखातला प्रत्येक बिंदू ५ मिनिटांची सरासरी असतो, आठवड्याच्या आलेखातला ३० मिनिटांची, वर्षाच्या आलेखातला अख्ख्या दिवसाची. १०० मेगाबिटची लाइन ५ मिनिटांपैकी १ मिनिट काठोकाठ भरली आणि उरलेली ४ मिनिटं रिकामी राहिली, तर आलेख २० मेगाबिट दाखवतो. त्या एका मिनिटात व्हिडिओ कॉल अडखळतात, माहितीची पॅकेट गळतात. आलेख मात्र निवांत दिसतो. म्हणून नेट अडकल्याची तक्रार आली की ‘आलेखात तर काहीच नाही’ असं सांगून माणसाला परत पाठवू नका. सरासरीबरोबर कमाल आकडा बघा, पॅकेटची गळती आणि विलंबही मोजा, आणि मगच लाइन वाढवायची की नाही ते ठरवा.