भूतकाळ आणि भुतं

इंग्रजी सुधारायचं असेल तर दिवसा व्याकरण करा आणि रात्री भुताच्या गोष्टी वाचा. हा सल्ला मी आजवर इतक्या जणांना दिलाय की घरी आता त्यावर कुणी हसतसुद्धा नाही. सध्या माझ्या तावडीत सापडलाय तो माझा भाचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता अकरावी सायन्स. उत्तर येत असलं तरी वर्गात हात वर करत नाही. ताईला वाटतं त्याला स्पोकन इंग्लिशच्या क्लासला घालावं, भावजी म्हणतात रोज इंग्रजी पेपर वाच. आणि मामा म्हणतो, भुतं वाच! (ताई, वाचत असशील तर रागावू नकोस, पुढे वाच.)

तर मंडळी, या सल्ल्यामागे थोडा विचार आहे. तो आज सविस्तर मांडतो.

आपल्याकडे इंग्रजी शिकवणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक तर्खडकर आणि रेन-मार्टिनवाल्यांचा. नियम पाठ करा, चेंज द व्हॉइस करा, शंभर वाक्यं सोडवा. दुसरा पंथ म्हणतो व्याकरण खड्ड्यात घाला, नुसतं बोलत सुटा. दोन्हींचे भक्त एकमेकांना पाण्यात पाहतात. गंमत म्हणजे रेन आणि मार्टिनमधले जे रेनसाहेब, ते पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन, स्वतः कादंबरीकार होते. त्यांची 'बो जेस्ट' १९२४ साली आली, आणि ती उघडते वाळवंटातल्या एका किल्ल्यावर, जिथे तटावर बंदुका रोखून उभे असलेले शिपाई सगळे मेलेले आहेत! ज्यांच्या पुस्तकाने आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांना झोप आणली, त्यांना झोप उडवताही येत होती. म्हणजे व्याकरण आणि गोष्ट यांचं भांडण आपणच लावलेलं आहे.

आता ड्रॅक्युला. ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी १८९७ची. रक्त, सुळे, शवपेट्या हे सगळ्यांना माहीत असतं. पण सुरुवातीच्या प्रकरणांतली एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. ड्रॅक्युला इंग्रजी शिकत असतो! ट्रान्सिल्व्हानियातल्या त्याच्या वाड्यात इंग्रजी पुस्तकांचं अख्खं कपाट आहे, लंडनची डिरेक्टरीसुद्धा आहे. तो इंग्लंडहून आलेल्या तरुण वकिलाला सांगतो की मला व्याकरण येतं, शब्द येतात, पण बोलता येत नाही. तू थोडे दिवस राहा आणि माझ्या चुका काढ. वकील म्हणतो, तुम्ही उत्तम बोलता की. त्याने काउंटचं समाधान होत नाही. इथे मी सरदार आहे, सगळे मला ओळखतात, पण तिथे परका म्हणजे कुणीच नाही. माझं बोलणं ऐकून कुणी थबकू नये, एवढीच त्याची इच्छा.

हे वाचताना मला माझा भाचाच आठवतो. आपण तोंड उघडलं की लोक थबकतील, वळून बघतील, ही त्याचीही भीती. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटलं. महाराष्ट्रात २००० सालापासून ते पहिलीपासून शिकवायला सुरुवात झाली. वर्षं वाढली, पण ही भीती काही गेली नाही.

माझं म्हणणं असं की इथे ड्रॅक्युलाचं उद्दिष्टच चुकीचं आहे. त्याला लंडनच्या गर्दीत मिसळून लोकांचं रक्त प्यायचं होतं, म्हणून त्याला लपायचं होतं. आपल्याला कशाला लपायचंय? मराठी वळणाचं इंग्रजी बोलल्याने कुणाचं काही बिघडत नाही. इंग्रजी शिकायचं ते साहेबासारखं वाटावं म्हणून नाही, तर त्या भाषेत आपल्याला कुणी गंडवू नये म्हणून. आणि त्यासाठी व्याकरण लागतं, अगदी बारीक व्याकरण.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची 'द मंकीज पॉ' ही १९०२ची गोष्ट घ्या. हिंदुस्थानातून आणलेला माकडाचा वाळका पंजा, तीन इच्छा पुरवणारा. म्हातारा दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी मुलाच्या कारखान्यातून एक माणूस येतो आणि सांगतो की मुलगा यंत्रात सापडला. हे वाक्य इंग्रजीत पॅसिव्ह व्हॉइसमध्ये आहे. कुणाची चूक, यंत्राची निगा कुणी राखायची, काही नाही. कर्ता गायब! कंपनी जबाबदारी नाकारते आणि वर दोनशे पौंड देऊ करते. शाळेत आपण शंभर वेळा ॲक्टिव्हचं पॅसिव्ह केलं, पण ते करून मिळतं काय हे कुणी सांगितलं नाही. मिळतं हे, की करणाऱ्याला लपता येतं.

आमच्या एका नातेवाइकांना विम्याचं इंग्रजी पत्र आलं होतं. दावा नाकारण्यात आला आहे, कागदपत्रं अपुरी आढळली आहेत. कुणी नाकारला, कुणाला अपुरी आढळली, पत्त्याच नाही. ते बिचारे पत्र फाइलला लावून गप्प बसणार होते. मी म्हटलं, प्रत्येक वाक्याचा कर्ता विचारा. त्यांनी उलट पत्र लिहिलं आणि निदान कुणाशी भांडायचं हे तरी कळलं. मराठीतलं 'आपणास कळविण्यात येते की' हेही त्याच जातीचं भूत आहे बरं का!

त्याच गोष्टीच्या शेवटी रात्री दारावर थाप पडते. बाहेर कोण आहे? आईसाठी तो तिचा मुलगा आहे. बापाच्या बाजूने लिहिताना मात्र लेखक 'थिंग' हा शब्द वापरतो. वस्तू. बस्स, सगळी भीती त्या एका नामात आहे. पुढचं सांगत नाही, तुम्हीच वाचा.

एडगर ॲलन पोची 'द टेल-टेल हार्ट' (१८४३) तर भूतकाळाचा धडाच आहे. सांगणारा सात रात्री म्हाताऱ्याच्या खोलीचं दार हळूच उघडतो आणि आठव्या रात्री घडायचं ते घडतं. मराठीत आपण 'उघडायचो' आणि 'उघडलं' असा फरक करतो. पो दोन्हीकडे साधा भूतकाळ वापरतो आणि 'रोज रात्री' एवढ्या शब्दांवर वाचकाने समजून घ्यायचं असतं. हे एकदा गोष्टीत दिसलं की रेन-मार्टिनमधला काळाचा तक्ता निर्जीव राहत नाही.

भयकथाच का, असंही मला विचारतात. एक म्हणजे त्या लहान असतात. पोची ही गोष्ट जेमतेम दोन हजार शब्दांची आहे. दुसरं, पुढे काय होणार ही उत्सुकता डिक्शनरीपेक्षा जास्त ओढ लावते. तिसरं आणि महत्त्वाचं, चांगल्या भयकथेत एकही शब्द फुकट नसतो. आणि ज्यांनी नारायण धारप, रत्नाकर मतकरी वाचलेत, त्यांना अर्धी वाट आधीच माहीत असते. कुठे काहीतरी खटकलं पाहिजे हे त्यांना कळतं, अडलेला शब्द ते अंदाजाने ओलांडतात.

पद्धत साधी आहे. पहिल्यांदा डिक्शनरी न उघडता सलग वाचायचं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. एका गोष्टीत व्याकरणाची एकच बाब धरायची, तिच्याखाली रेघा मारायच्या आणि मग पुस्तकातली त्याच बाबीची दहा वाक्यं सोडवायची. शेवटी गोष्ट घरात कुणालातरी मोठ्याने सांगायची, मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना. या शेवटच्या पायरीला टाळाटाळ चालणार नाही. नाहीतर तुमचा ड्रॅक्युला होतो, व्याकरण येतं, शब्द येतात आणि बोलायला वाड्यात माणूस नाही.

जुनी भाषा आहे, आता असं कोण बोलतं, हा आक्षेप पोच्या बाबतीत थोडा खराही आहे. म्हणून सुरुवात जेकब्जपासून करावी. शेकोटीपाशी बुद्धिबळ खेळणाऱ्या बाप-लेकाचं बोलणं तिथे अगदी घरगुती आहे. ड्रॅक्युला वर्षभरानंतर. या सगळ्या गोष्टी कॉपीराइटमधून सुटलेल्या आहेत, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात. क्लासच्या फीचे पैसे वाचले, भावजी!

असो. तुम्ही कुठल्या गोष्टीने इंग्रजी शिकलात ते जरूर कळवा. आणि आज घरात एखादं इंग्रजी पत्र पडलं असेल, तर ते काढा आणि त्यातला कर्ता शोधा. नाही सापडला, तर समजा की घाबरायची वेळ आली आहे.