कुलपातला कागद कुणाच्या उपयोगाचा?

दरवर्षी 7 नोव्हेंबरला आपल्याकडे विद्यार्थी दिवस असतो. भाषणं होतात, फोटोला हार घातला जातो, स्टेटस पडतात. पण हीच तारीख का, याचं उत्तर शाळेच्या एका रजिस्टरमध्ये आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका मुलाचं नाव दाखल झालं. भिवा रामजी आंबेडकर, रजिस्टर नंबर 1914. शाळेने ते रजिस्टर रद्दीत घातलं असतं तर तारीख गेली असती. कपाटात जपून ठेवलं आणि कुणालाच उघडू दिलं नसतं, तरी गेलीच असती.

या दुसऱ्या शक्यतेबद्दल आपण फारसं बोलत नाही. जुने कागद जपायला हवेत, असं सगळेच म्हणतात. ते कुणाला, कधी, कसे बघायला मिळणार, हा प्रश्न आला की मात्र सगळे गप्प.

पुण्याचं पेशवे दफ्तर घ्या. मोडीत लिहिलेले हजारो रुमाल. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. त्यात हिशेब आहेत, पत्रं आहेत, तक्रारी आहेत, निवाडे आहेत. पेशवाई गेली आणि हे सगळं इंग्रजांच्या ताब्यात आलं. त्यांनी ते नीट सांभाळलं, हे मान्य करायला हवं. पण भारतीय अभ्यासकांना ते मोकळेपणाने पाहू द्यायला सरकार अनेक दशकं तयार नव्हतं. राज्य ज्यांच्याकडून घेतलं त्यांचेच कागद त्यांच्या नातवंडांनी वाचले तर काय निघेल, ही धास्ती होतीच. मग इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरून आणि पेटाऱ्यांतून कागद मिळवले आणि 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने छापली. सरकारी दफ्तरातले निवडक कागद लोकांसमोर आले ते त्यानंतर तीसेक वर्षांनी. गो. स. सरदेसाईंनी 1930 ते 1934 या काळात त्यांचे 45 खंड काढले. कागद आधीही सुरक्षित होते, पण ज्यांचा तो इतिहास होता त्यांच्यासाठी ते असून नसल्यासारखे होते.

‘हे सगळं हिस्ट्रीवाल्यांचं, आपल्याला काय?’ असं वाटत असेल तर तुमच्या जातपडताळणीची फाइल आठवा. पणजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुकातली जन्माची नोंद, तहसीलमधली जुनी नक्कल. एक ओळ सापडली तर अॅडमिशन पक्की, नाही सापडली तर हेलपाटे. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा हे अख्ख्या राज्याने पाहिलं. कचेऱ्यांमधली जुनी दप्तरं बाहेर निघाली आणि मग लक्षात आलं की त्यातलं बरंचसं मोडीत आहे, उर्दूत आहे, आणि ते वाचू शकणारी माणसं हातावर मोजण्याइतकी आहेत. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो. ज्या समाजाला आपलेच सरकारी कागद वाचायला धावाधाव करावी लागते, त्याचं काहीतरी चुकलंय, एवढं तरी मान्य होईल.

यावर दप्तर सांभाळणाऱ्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. जुना कागद हाताळला की झिजतो. घडीवर तुटतो. पावसाळी दमटपणाने बुरशी येते, कसर लागते. लोक पानं फाडून नेतात. 5 जानेवारी 2004 रोजी तर जमावाने पुण्याच्या भांडारकर संस्थेत घुसून नासधूस केली, पुस्तकं आणि हस्तलिखितं फेकली. असं काही घडल्यावर दार बंद करावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण उपाय कुलूप हा नाही. मूळ कागद कपाटात ठेवा आणि प्रत लोकांच्या हातात द्या. ज्या इमारतीत शहरातल्या मुलांनी कधी पाऊल ठेवलेलं नसतं ती त्यांना आपली वाटत नाही, आणि आपली न वाटणारी गोष्ट वाचवायला कुणी धावत नाही.

‘मग स्कॅन करून टाका की!’ हे आपल्या पिढीचं लाडकं उत्तर. ते अर्धंच आहे. लाखभर पानं स्कॅन केली आणि फाइलींना नुसते आकडे दिले, तर रुमाल कापडातून हार्डडिस्कमध्ये गेला, एवढंच झालं. कुठल्या पानात कुठलं गाव आहे, कोणतं साल आहे, कशाबद्दलचा मजकूर आहे, याची सूची कुणीतरी बसून करावीच लागते. सर्चच्या खिडकीत ‘सासवड’ टाइप केल्यावर काही सापडणार असेल, तर आधी एखाद्या माणसाने ते पान वाचून ‘सासवड’ लिहिलेलं असावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचं रील बनत नाही. पण दप्तर खुलं होतं ते याच कामाने. कायद्यानेही हे सांगून ठेवलंय. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार प्रत्येक सरकारी कार्यालयाने आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवायचे आहेत. माहितीचा अर्ज कसा करायचा हे आपल्याला पाठ असतं. सूची कुठे आहे, हे विचारायचं राहून जातं.

म्हणून सरकारकडे आणि विद्यापीठांकडे आमच्या तीन मागण्या आहेत. एक, राज्यातल्या प्रत्येक पुराभिलेखागाराची सूची ऑनलाइन आणि मराठीत शोधता येईल अशी हवी. दोन, वाचनकक्ष सुट्टीच्या दिवशीही उघडा ठेवा. लेक्चर बुडवून संशोधन करा, असं कुणी सांगू नये. तीन, नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट आहेतच, मग मोडी वाचन आणि सूचीकरण हे त्यात बसवा. मुलांना खरं काम मिळेल, दप्तराला माणसं मिळतील.

आणि मागण्या करून आपलं काम संपत नाही. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, या शहरांत राज्याची पुराभिलेखागारं आहेत. आपल्यातल्या किती जणांनी त्यांचं दार पाहिलंय? कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन एकदा जा. ‘काय पाहिजे?’ असं विचारलं तर आपल्या गावाचं नाव सांगा. मोडी शिका. ती काही गूढ लिपी नाही. अक्षरं देवनागरीची नातेवाईक आहेत, भाषा तर मराठीच आहे. रोज थोडा सराव केला तर काही आठवड्यांत अक्षरओळख होते. पुढे प्रत्येकाच्या हाताचं वळण ओळखायला वेळ लागतो, पण तो कुठल्या कोडिंग लँग्वेजला लागत नाही?

आधी आपल्या कॉलेजातच बघा. वार्षिक नियतकालिकाचे जुने अंक पूर्ण आहेत का? आज नावाजलेल्या कितीतरी लेखकांचं पहिलं लिखाण अशाच अंकांत छापलेलं असतं. लायब्ररी नव्या इमारतीत हलवताना पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. दहा जणांनी चार शनिवार काढले तर एका कॉलेजच्या सगळ्या अंकांची लेखकवार सूची होऊ शकते. घरी आजीच्या ट्रंकेत पत्रं, दाखले, फोटो असतील तर त्यांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. ते पुन्हा सुटत नाही आणि कागद आतल्या आत खराब होतो. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा, मोबाइलवर स्वच्छ फोटो घ्या आणि फाइलच्या नावात साल आणि माणसाचं नाव लिहा. फोटोत कोण आहे, हे सांगणारी आजी आज आहे. तिला आजच विचारा.

कागद जपायला पैसा लागतो, इमारत लागते, तज्ज्ञ लागतात. हे सगळं मागायला सरकारकडे जाताना सरकार एकच प्रश्न विचारतं : वापरतं कोण? वाचनकक्षाच्या रजिस्टरमध्ये रोज दोनच सह्या असतील तर त्या प्रश्नाला उत्तर नाही. तिथे तुमची सही पडली, मित्राची पडली, पुढच्या आठवड्यात अख्ख्या वर्गाची पडली, तर आहे. एवढी एक सही करायला काहीच खर्च येत नाही.