किल्ली कोणाच्या कमरेला ?

जुन्या वाड्यांतून किल्ल्यांचा जुडगा घरधनिणीच्या कमरेला असे. कोठीघर, दागिन्यांची पेटी, लोणच्याच्या बरण्यांचें फडताळ, साऱ्यांच्या किल्ल्या त्या एका जुडग्यांत. घरांतील सत्तेचा खरा ठाव पाहावयाचा तर जुडगा कोणापाशीं आहे एवढें पाहिलें म्हणजे पुरे होई. सासूबाईंनीं तो सुनेच्या स्वाधीन केला कीं राज्य बदललें, असें आळींत समजत. आज कोठीघर राहिलें नाहीं, जुडगाहि नाहीं. मोलाचे कागद मात्र वाढलेच आहेत. सात-बाराचे उतारे, विम्याच्या पावत्या, आईच्या तपासण्यांचे अहवाल, मुलांचीं प्रमाणपत्रें, वाटणीचा मसुदा, हें सारें हल्लीं लोखंडी पेटींत नसून ज्याला 'क्लाऊड' म्हणतात त्या अदृश्य कोठारांत असतें. नांव मेघाचें, वस्तु अगदीं पार्थिव : दूरच्या कोणा कंपनीच्या इमारतींत ओळीनें मांडलेलीं यंत्रें. त्या कोठाराची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, हा प्रश्न शिकल्यासवरल्या घरांतूनहि क्वचितच विचारला जातो.

गूगल ड्राइव्हसारख्या प्रचलित कोठारांत कागद उघडे पडलेले असतात असा कित्येकांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. कागद वाटेंत असतांना त्यावर कुलूप असतें, कोठारांत पोंचल्यावरहि असतें. प्रश्न कुलुपाचा नसून किल्लीचा आहे, आणि ती साधारणतः कोठारवाल्याच्या हातीं असते. म्हणूनच परवलीचा शब्द विसरला तरी ओळख पटवून कागद परत मिळवितां येतात. ही सोय खरी. पण जो उघडून देऊं शकतो तो उघडून पाहूंहि शकतो. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजीं गूगल डॉक्सचा उपयोग करणाऱ्या कांहीं लोकांस आपलेच लेख उघडेनात. नियमभंग झाल्याची सबब त्यांस दाखविण्यांत आली. कंपनीनें मागाहून खुलासा केला कीं, यंत्रणेंत केलेल्या एका बदलामुळें निर्दोष लेख चुकून दोषी ठरले होते. चूक लवकरच दुरुस्त झाली. तथापि आपला मजकूर कोणी यंत्र चाळीत असतें, ही गोष्ट पुष्कळांस त्या दिवशीं प्रथम कळली.

याहून निराळा मार्ग काढणारी मंडळीहि आहेत. पॅरिस येथील एक्सविकी नांवाच्या कंपनीनें तयार केलेलें 'क्रिप्टपॅड' हें त्यांतलें एक उदाहरण. (स्वित्झर्लंडांतील प्रोटॉन कंपनीनेंहि २०२४ च्या जुलैंत आपल्या कोठारास अशाच सहलेखनाची जोड दिली.) क्रिप्टपॅडमध्यें लेख लिहितां येतो, हिशेबाचे तक्ते मांडतां येतात, आणि पुण्याचा थोरला, बंगळूरचा मधला व न्यू जर्सीची बहीण एकाच कागदावर एकाच वेळीं लिहूं शकतात. हें गूगलमध्येंहि होतें. मौज पुढेंच आहे. थोरल्यानें एक ओळ लिहिली कीं ती बाहेर पडण्यापूर्वींच, त्याच्याच यंत्रावर, गूढलेखांत रूपांतरित होते. पॅरिसच्या कोठारांत पोंचतो तो केवळ अर्थहीन अक्षरांचा ढीग. कोठारवाला तो जपून ठेवितो व जसाच्या तसा भावंडांकडे धाडतो. त्यांच्या यंत्रांवर ती ओळ पुन्हां मराठी होते. टपालवाला पाकीट पोंचवितो, आंतील मजकूर त्यास ठाऊक नसतो, तसेंच हें. पण टपालवाल्याच्या मनांत आलें तर त्यास पाकीट फोडून वाचतां तरी येतें. येथें फोडूनहि हातीं कांहीं लागत नाहीं.

मग भावंडांपर्यंत किल्ली जाते कशी ? ही युक्ति आम्हांस फार आवडली. प्रत्येक कागदाचा एक लांबलचक पत्ता असतो व त्यांत मध्यें 'हॅश' म्हणून जाळीसारखें एक चिन्ह असतें. त्या चिन्हापुढील भाग ब्राउझर कोठारवाल्यास कळवीतच नाहीं; इंटरनेटचा तो जुनाच नियम आहे. क्रिप्टपॅडवाल्यांनीं किल्ली नेमकी त्या भागांत ठेविली. पत्ता अर्धा टपालवाल्यासाठीं आणि अर्धा केवळ आप्तांसाठीं ! शिवाय नुसतें वाचण्याचा पत्ता वेगळा व लिहिण्याचा वेगळा, अशी व्यवस्था आहे. वाटणीचा मसुदा सर्व चुलत्यांस दाखवावा, पण लेखणी दोघांच्याच हातीं असावी, हें तीमुळें सहज साधतें.

या विद्येचें एक मूलतत्त्व १८८३ सालीं ओग्युस्त केर्कहॉफ्स यानें सांगून ठेविलें आहे. हा गृहस्थ जन्मानें डच, पेशानें फ्रान्समध्यें भाषा शिकविणारा मास्तर. त्यामुळें आमचा त्याच्याकडे थोडा ओढा आहे, हें वाचकांनीं समजून घ्यावें. लष्करी गूढलेखनावरील निबंधांत त्यानें असें प्रतिपादिलें कीं, पद्धति शत्रूच्या हातीं पडली तरी बिघडूं नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली. क्रिप्टपॅडची सर्व घडण याच न्यायानें जगापुढें खुली आहे. कोणीहि ती तपासावी, वाटल्यास स्वतःच्या यंत्रावर स्वतःचें कोठार उभारावें. आपल्याकडे वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत 'म्लेच्छितविकल्प' नांवाची कला आहे, आणि ती यादी स्त्रियांनीं शिकावयाच्या कलांची आहे, हें आमच्या भगिनींनीं ध्यानांत घ्यावें. पण तींत अक्षरांची ठराविक अदलाबदल असे. रीत कळली कीं गूढ संपलें. फ्रान्सच्या मास्तरानें तीस उत्तीर्ण केलें नसतें.

'घरांतल्या घरांत लपवावयाचें काय ?' हा आक्षेप आम्हीं अनेक वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे. एकत्र कुटुंबांत आलेलें पत्र कोणींहि फोडावें व चारचौघांत वाचावें, ही रीत आमच्या वडिलांच्या पिढीस अंगवळणी पडलेली होती. सासुरवाशिणीस माहेरचें पत्र मिळे तें बहुधा फोडलेलेंच. त्यांत आपलेपणा होता असें म्हणणारे आजहि भेटतात. तो होता कीं नव्हता हें त्या मुलींनाच विचारावयास हवें होतें. सुनेच्या तपासणीचा अहवाल, विधवा आत्याच्या ठेवीची पावती, धाकट्याची नोकरी सुटल्याचें पत्र, हे कागद ज्याचे त्याचे असतात. ते दाखविणें ही त्या माणसाची मर्जी. कुटुंबाचा तो हक्क नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तो वाद नागरिक व सरकार यांच्यामधला होता. परंतु घरच्या कर्त्यानेंहि त्याचें थोडें मनन करण्यास हरकत नसावी.

आतां दुसरी बाजू, आणि ती मुळींच हलकी नाहीं. कोठारवाल्यापाशीं किल्ली नाहीं याचा अर्थ, तुमची हरवली तर त्याच्यापाशीं मागण्यासारखें कांहींच नाहीं. बँकेच्या लॉकरची किल्ली गेली तर बँक कारागीर बोलावून तो फोडते. धनी वारला तर नामनिर्देशित माणसास उघडून देते. गूगलनेंहि २०१३ सालापासून, आपलें खातें दीर्घकाळ निपचित राहिल्यास कोणास कळवावें व काय द्यावें, हें आधीं नोंदवून ठेवण्याची सोय केली आहे. क्रिप्टपॅडमध्यें परवलीचा शब्द गेला कीं गेला. वारसाचा दाखला दाखवा, कोर्टाचा हुकूम आणा, पॅरिसचा माणूस फार तर तो अर्थहीन ढीग तुमच्यापुढें ठेवील. ज्या कागदाचा पत्ता दुसऱ्या कोणापाशीं आहे तो वांचेल. जो एकट्यानें ठेविला तो बुडाला. सारे व्यवहार एका कर्त्याच्या डोक्यांत ठेवण्याची आपली संवय तर सुप्रसिद्ध ! तेरावें उरकल्यावर मुलें वडिलांच्या यंत्रापुढें बसून जन्मतारखा, कुलदैवताचें नांव, पहिल्या नातीचें लाडकें नांव, एकामागून एक घालून पाहतात, आणि आई दाराशीं उभी राहून 'त्यांनीं मला कधीं सांगितलें नाहीं हो' एवढेंच म्हणते.

म्हणून परवलीचा शब्द कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून, पाकीट बंद करून, त्यावर सही व तारीख घालून लॉकरांत ठेवावा. मृत्युपत्रांत तो लिहूं नये, कारण मृत्युपत्र पुढें अनेकांच्या नजरेखालून जातें. पाकीट कोठें आहे हें निदान दोघांस माहीत असावें, व त्या दोघांत पत्नीचा क्रम पहिला, असें आमचें स्पष्ट मत आहे. 'तिला यांतलें कळत नाहीं' ही सबब आम्ही मान्य करीत नाहीं. पाकीट सांभाळण्यास गूढलेखनशास्त्र यावें लागत नाहीं, आणि जिनें संसाराची जमाखर्चाची वही तीस वर्षें लिहिली तिला बाकीचेंहि एका दुपारांत शिकवितां येतें.

पत्त्यांतच किल्ली असते हें वर आलेंच आहे. तो पत्ता साठ नातलगांच्या व्हॉट्सॲपच्या गटांत टाकणें म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकविणें होय. तसाच प्रसंग आला तर त्या कागदास वेगळा परवलीचा शब्द लावावा व तो दूरध्वनीवर तोंडीं सांगावा. आणखी एक मर्यादा : मजकूर दिसत नसला तरी कोणत्या ठिकाणाहून, केव्हां व किती लिहिलें गेलें, हें कोठारवाल्यास दिसूं शकतें. कुलूप घालणारें सॉफ्टवेअरहि त्याच्याच कोठारांतून आपल्या यंत्रावर येतें, तेव्हां त्याच्या सचोटीवर थोडा विश्वास टाकावाच लागतो.

ज्यांना प्रथम नुसतें करून पाहावयाचें आहे त्यांनीं आठवड्याच्या बाजाराची यादी लिहून पाहावी, खरेदीखतापासून आरंभ करूं नये. क्रिप्टपॅडवर नांव न नोंदवितांहि लिहितां येतें. मात्र तसा लिहिलेला कागद ९० दिवस कोणीं उघडला नाहीं तर त्यांच्या मुख्य कोठारांतून तो काढून टाकला जातो.