कर्ब मोजायचा तर खुंटी ठोकून मोजा

मा. कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे



‘सेंद्रिय कर्ब वाढवा’ असे हल्ली कृषी सहायकापासून खतांच्या दुकानदारापर्यंत सगळेच सांगतात. त्यात चूक काही नाही. पण वाढला की नाही हे कळणार कसे, हे कोणी सांगत नाही. पत्र त्यासाठी.

२०१५ साली मृद आरोग्य पत्रिका आली तेव्हा बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक नमुना घ्यायचे ठरले. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. एवढ्या शिवारात वरच्या अंगाला मुरमाड बरड आणि ओढ्याकाठी भारी काळी असते, मालकही पाच-सात असतात. खताच्या मात्रेचा ढोबळ अंदाज त्यावरून येईल. माझ्या बांधाच्या आत कर्ब किती हलला, ते कळणार नाही.

त्यात हा बदल असतो बारीक. एक एकर जमिनीच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थरात, घनता १.३ धरली, तर सुमारे आठ लाख किलो माती भरते. कर्ब ०.१ टक्का वाढवायचा म्हणजे त्यात आठ क्विंटल निव्वळ कर्ब टिकवायचा. घातलेल्या शेणखतातला बराचसा कर्ब सूक्ष्मजीव खाऊन हवेत सोडतात, म्हणजे घालावे लागणार त्याच्या कितीतरी पट. तरीही एका हंगामात कर्ब ०.४ वरून १ वर नेल्याच्या जाहिराती फिरतात. हिशेबाने एकरी जवळजवळ पाच टन कर्ब झाला. दोनशे लिटरच्या पिंपातल्या जीवामृतातून तो येणार कुठून? जीवामृताचे इतर गुण असतील, त्यावर वाद नाही.

प्रयोगशाळेतली वॉकली-ब्लॅक पद्धत १९३४ची. तिच्यात साधारण ७७ टक्केच कर्ब हाती लागतो असे धरून आकड्याला १.३ ने गुणतात, माती कुठलीही असो. पण तिचा एक गुण विसरू नये : चुनखडीतला कर्ब ती मोजत नाही. नमुना जाळून मोजणारी महाग यंत्रे तोही धरतात. मराठवाडा-विदर्भातल्या चुनखडीच्या काळ्या रानात तो वेगळा काढला नाही, तर नुसते यंत्र बदलून कर्ब वाढेल, कागदावर.

टक्केवारीसोबत घनता हवीच. काळी जमीन ओली असताना फुगते, वाळली की भेगाळते. रोटाव्हेटर नुकताच फिरला असेल तर त्याच पंधरा सेंटिमीटरमध्ये माती कमी भरते.

म्हणून मागणी अशी. प्रत्येक महसूल मंडळात थोडी कायमची ठिकाणे ठरवा आणि दर चार-पाच वर्षांनी त्याच महिन्यात, त्याच खोलीवर, घनतेसकट मोजा. अक्षांश-रेखांश मोबाइलवर नोंदवता येतात. पुढच्या खेपेला त्याच जागी गेले तरच त्यांचा उपयोग. उरलेली माती वाळवून बरणीत जपून ठेवा. इंग्लंडच्या रोथमस्टेडला १८४३पासूनचे नमुने असेच ठेवले आहेत; पद्धत बदलली तरी जुनी माती नव्याने तपासता येते. नमुने थोडे झाले तरी चालतील. पत्रिका वाटपाच्या उद्दिष्टापेक्षा हे काम मोलाचे आहे.

वाढवण्याचे उपाय शेतकऱ्याला ठाऊक आहेत : उसाचे पाचट जाळू नये, पऱ्हाटी कुट्टी करून रानातच जिरवावी, नांगरट कमी करावी. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचे विनानांगरणीचे ‘एसआरटी’ तंत्र तर कोकणातल्या भातापासून पुढे गेले. अडचण वेगळीच आहे. कोरडवाहूत कडबा जनावरांच्या दावणीला जातो आणि पऱ्हाटी चुलीत. मातीच्या वाट्याला उरते काय? कुट्टी यंत्र गावात वेळेवर भाड्याने मिळाले, तर निदान बांधावरची आग कमी होईल.

आता कार्बन क्रेडिटचे करार घेऊन कंपन्याही येऊ लागल्या आहेत. मोजणारे त्यांचेच आणि आकडाही त्यांचाच असेल, तर वाद झाल्यावर शेतकरी दाखवणार काय? सही करण्याआधी त्याच्या जमिनीचा मूळ आकडा खात्याने, खात्याच्या शिक्क्यासह, त्याच्या हातात द्यावा.

आपला,
एक कोरडवाहू शेतकरी